एएफएल फँटसीत स्मॉल फॉरवर्ड घ्यायचा तरी कधी? नवीन खेळणाऱ्यांसाठी

मेलबर्नला आल्यावर पहिल्याच मार्चमधे ऑफिसात कोणीतरी विचारतंच, फँटसी टीम लावलीस का (एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, इकडे खेळाला फुटी म्हणतात), आणि आपण क्रिकेटच्या टीमा लावून लावून तरबेज झालेली माणसं, आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, करू की. मीही तेच केलं. स्कोअरिंगचे नियम वाचले नाहीत, दोन रात्री बसून हायलाइट्स बघितले, आणि ज्यांचे गोल सगळ्यात भारी दिसले ती ४ पोरं उचलून फॉरवर्ड लाईनीत टाकली. चौघंही स्मॉल फॉरवर्ड. आमच्या लीगमधे १० जण होते आणि मी दहावा आलो, वर पूर्ण सीझन शेजारच्या डेस्कवरचा बाबा सोमवारी सकाळी माझा स्कोअर मोठ्याने वाचायचा ते वेगळंच.

म्हणून हे लिहितोय. तुम्ही पण पहिल्या वर्षी हीच चूक करणार, कारण स्मॉल फॉरवर्ड हा फुटीमधला डोळ्यात भरणारा माणूस आहे आणि फँटसी डोळ्याला भरणाऱ्या गोष्टीचे पैसे देत नाही. पण म्हणून त्यांना हातच लावायचा नाही असंही नाही. कधी लावायचा ते एकेक करून बघू.

१. आधी हा प्राणी ओळखा

ज्यांना खेळच नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन: मैदान ओव्हल, एका टीमचे १८ जण मैदानात, दोन्ही टोकांना ४-४ खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने बॉल गेला की गोल, ६ पॉइंट. उंच आणि बाजूच्या छोट्या खांबाच्या मधून गेला तर बिहाइंड, १ पॉइंट. २०-२० मिनिटांचे ४ क्वार्टर, पण बॉल थांबला की घड्याळही थांबतं त्यामुळे प्रत्यक्षात एकेक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातो.

गोलसमोर सहा-साडेसहा फुटी धिप्पाड लोक असतात, ते की फॉरवर्ड, लांबून आलेल्या किकवर उडी मारून बॉल झेलायचा हे त्यांचं काम. तिथे डिफेन्सवाले पण तेवढेच उंच, मग ३-४ जण एकदम उडतात आणि निम्म्या वेळा बॉल कोणालाच मिळत नाही, खाली पडतो. त्या पडलेल्या बॉलवर मांजरासारखा टपून बसलेला जो बुटका चपळ माणूस असतो तो स्मॉल फॉरवर्ड. इकडे त्याला क्रम्ब उचलणं म्हणतात, म्हणजे ताटातून सांडलेलं वेचणं. वेचलं, दोघांना चकवलं, बाउंड्रीवरून उलटा पाय फिरवून स्नॅप मारला, गोल.

एडी बेट्सचं नाव ऐकलं असेल. ३५० सामने, ६४० गोल, आणि गोल ऑफ द इयर चार वेळा. ॲडलेड ओव्हलवर ज्या कोपऱ्यातून तो अशक्य गोल मारायचा त्या कोपऱ्याला लोक एडीज पॉकेटच म्हणायला लागले. हॉथॉर्नचा सिरिल रिओली, २०१५ च्या ग्रँड फायनलमधे नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे फायनलचा मॅन ऑफ द मॅच. कॉलिंगवुडच्या बॉबी हिलला २०२३ मधे तेच मेडल, ४ गोल, आणि कॉलिंगवुडने ब्रिस्बेनला ४ पॉइंटने हरवलं. टायसन स्टेंगलने २०२२ च्या फायनलला जिलाँगसाठी ४ गोल मारले. म्हणजे ही माणसं फायनल जिंकून देतात, यात वादच नाही.

फक्त फँटसी जिंकून देत नाहीत. का, ते पुढे.

२. स्कोअरिंग पाठ करा, खरंच पाठ करा

एएफएल फँटसी क्लासिक, जे फुकट आहे आणि बहुतेक ऑफिस लीग त्याच्यावरच असतात, त्याचं गणित असं: किक ३, हँडबॉल (मुठीने मारून दिलेला पास) २, मार्क (किकवर आलेला बॉल झेलणं) ३, टॅकल (बॉलवाल्याला पकडून पाडणं) ४, गोल ६, बिहाइंड १, रकमनचा (वर उडालेल्या बॉलसाठी उडी मारणाऱ्या उंच माणसाचा) हिटआउट १, फ्री किक मिळाली तर १, आपण फ्री किक दिली तर वजा ३. बस. यात बॉल किती अवघड मिळवला याचा एक पैसा नाही. तीन जणांच्या पायाखालून खेचून काढला काय किंवा एकटं उभं असताना हातात आला काय, किक म्हणजे ३.

आता हे डोळ्यासमोर आणा. स्मॉल फॉरवर्डने बाउंड्रीवरून स्नॅप मारला, ५० हजार लोक उभे राहिले, कॉमेंटेटरचा घसा बसला. फँटसीत त्याला किती मिळाले? किकचे ३ आणि गोलचे ६, एकूण ९. त्यानंतर दुसऱ्या टीमचा हाफबॅक, म्हणजे मागच्या फळीतला माणूस, ज्याच्या आजूबाजूला २० मीटरवर कोणी नाही, तो शेजाऱ्याकडून छोटी किक झेलतो, मार्क ३, पुढे सरकवतो, किक ३, परत त्याच्याकडे येते, परत मार्क, परत किक. झाले १२. अर्धं स्टेडियम तेव्हा चिप्स घ्यायला गेलेलं असतं. (मार्क मोजायला किक निदान १५ मीटर जायला लागते आणि मधे कोणाचा हात लागता कामा नये, एवढीच अट.)

क्रिकेटवाल्यांना एका वाक्यात सांगायचं तर स्मॉल फॉरवर्ड म्हणजे सातव्या नंबरचा फिनिशर, ८ बॉलमधे २२ मारून मॅच काढतो, आणि तुमची फँटसी मात्र फक्त एकूण किती बॉल खेळला तेच मोजतेय.

आकड्यात बघा. बऱ्यापैकी चांगला दिवस: ८ किक, ५ हँडबॉल, ३ मार्क, ४ टॅकल, २ गोल, १ बिहाइंड, एक फ्री मिळाली एक दिली. २४ अधिक १० अधिक ९ अधिक १६ अधिक १२ अधिक १ अधिक १ वजा ३, म्हणजे ७०. वाईट दिवस: ४ किक, ३ हँडबॉल, १ मार्क, ३ टॅकल, एक बिहाइंड, झाले ३४. आणि एका हाफबॅकचा काहीही विशेष न घडलेला दिवस: १८ किक, ८ हँडबॉल, ८ मार्क, २ टॅकल, १०२. विषय संपला.

३. एक सामना वहीत मोजा

हे मी सगळ्या नवीन लोकांना करायला लावतो आणि सगळे कंटाळा करतात. एकच स्मॉल फॉरवर्ड पकडा, पूर्ण सामना फक्त त्याच्याकडे बघा, बॉलकडे नाही, आणि क्वार्टरवार रेघा मारा. टीव्हीवर हे नीट जमत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो, मैदानात जाऊन गोलच्या मागच्या स्टँडमधे बसलं की जमतं.

मी एमसीजीवर पॉन्सफर्ड स्टँडच्या बाजूला बसून केलं होतं, हातात थर्मासमधला चहा, जुलैची थंडी. माझ्याच टीममधला पोरगा होता. पहिल्या क्वार्टरला २ किक, १ हँडबॉल, २ टॅकल, १ गोल आणि एक फ्री दिली, म्हणजे १९. गोल असला सुंदर होता की पुढच्या रांगेतल्या आजी उभ्या राहून नाचल्या, आणि मी मनात म्हटलं १९ चोक ७६, मस्त. दुसऱ्या क्वार्टरला बॉल सगळा वेळ दुसऱ्या टोकाला, हा एकटा कमरेवर हात ठेवून उभा, १ किक १ हँडबॉल, ५. तिसऱ्याला १ हँडबॉल १ टॅकल, ६. चौथ्याला एक मार्क, दोन किक, त्यातली एक खांबाला चाटून बिहाइंड, १०. टोटल ४०. घरी येताना ट्राममधे सगळे त्याच्या गोलबद्दलच बोलत होते.

त्या वहीतून जे कळतं ते कुठल्याच स्टॅट्स साईटवर एवढं नीट कळत नाही: या माणसाला बॉल मिळणं त्याच्या हातात नाही. त्याची टीम मधे जिंकत असेल तरच बॉल पुढे येणार, तो पण उंच लोकांच्या डोक्यावर, तो पण सांडला तरच. तीन जर-तर पार केल्यावर मग याची पाळी.

४. पण सगळे स्मॉल फॉरवर्ड सारखे नसतात

इथे जरा वेळ द्या, खरी मेख इथे आहे. ॲपमधे सगळ्यांच्या नावापुढे एफडब्ल्यूडी एवढंच लिहिलेलं असतं, पण काम वेगळं वेगळं असतं.

एक असतो तो गोलजवळच राहणारा. पॉकेटमधून, म्हणजे गोलशेजारच्या कोपऱ्यातून, हलत नाही, गोलवरच जगतो. ब्रिस्बेनचा चार्ली कॅमरन आठवा, गोल भरपूर, बघायला पैसे वसूल, फँटसीला मात्र कधी ९० तर कधी ३५. यांना गोल नाही मिळाले की खाली काही नसतंच.

दुसरा प्रेशरवाला. समोरचा डिफेंडर बॉल घेऊन पळायला लागला की त्याच्या मागे कुत्रं लागल्यासारखं लागायचं आणि पाडायचं. याचे गोल कमी पण टॅकल ५-६, आणि टॅकलला ४ आहेत हे विसरू नका, ६ टॅकल म्हणजे २४ हे बॉल न मिळताच जमा. सिडनीचा टॉम पॅपली गोल आणि टॅकल दोन्ही करतो म्हणून तो या जातीतला बरा. पावसाच्या दिवशी तर यांचे भाव वाढतात कारण ओल्या बॉलचे मार्क होत नाहीत, सगळं जमिनीवर येतं, टॅकलच टॅकल. (मार्व्हल स्टेडियमला छप्पर आहे, तिथे पावसाचा हिशोब करत बसू नका. मी केलाय.)

तिसरा हाय हाफ फॉरवर्ड. नावाला फॉरवर्ड, पण धावत धावत मधल्या मैदानापर्यंत येतो, तिथे लिंक देतो, मार्क घेतो, परत गोलकडे पळतो. फुप्फुसं घोड्याची लागतात. हॉथॉर्नचा डिलन मूर, जिलाँगचा ग्रायन मायर्स ही नावं लिहून ठेवा, नुसती नावं नाही, त्यांची धावायची पद्धत बघून ठेवा म्हणजे उद्या दुसऱ्या टीमचा नवा पोरगा तसाच धावताना दिसला की ओळखता येईल. यांच्याकडे बॉल यायला गोलची वाट बघायला लागत नाही.

आणि चौथा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो म्हणजे अर्धा मिडफिल्डर झालेला स्मॉल फॉरवर्ड.

५. घ्यायचा तो स्मॉल फॉरवर्ड राहणार नसेल तेव्हा

विचित्र वाटेल पण माझं सगळं शहाणपण एवढंच आहे. फँटसीमधे स्मॉल फॉरवर्डचं सोनं होतं ते कोच त्याला तिथून हलवतो तेव्हा.

का, ते बघा. गोल झाला की बॉल परत मैदानाच्या मधोमध येतो, अंपायर तो वर उडवतो, आणि त्या मधल्या चौकोनात प्रत्येक टीमचे फक्त ४ जण उभे असतात, एक रकमन आणि तीन मिडफिल्डर. बाकीच्यांना तिथे घुसता येत नाही, आणि २०१९ पासून ६-६-६ चा नियम पण आहे, म्हणजे ६ पुढे, ६ मधे, ६ मागे. त्या तीन जागांत कोण किती वेळा उभा राहिला ते टक्क्यात मोजतात, त्याला सीबीए म्हणतात, सेंटर बाउन्स अटेंडन्स. एखादा फॉरवर्ड गेल्या वर्षी ५ टक्के वेळा उभा होता आणि यावर्षी ५० टक्के, तर माणूस तोच, पाय तेच, पण बॉलला हात लागायचं प्रमाण बदललं. आणि किंमत? किंमत गेल्या वर्षीच्या ॲव्हरेजवर बेतलेली. ६० ॲव्हरेजच्या भावात ८५ चा माणूस, आणि वर फॉरवर्डचा शिक्का, म्हणजे ज्या लाईनीत चांगले स्कोअर दुर्मिळ असतात तिथेच तो बसणार.

उदाहरणं घ्या. कायझाया पिकेट, ज्याला सगळे कोझी म्हणतात, मेलबर्नच्या २०२१ च्या फ्लॅग (विजेतेपद) टीममधला अस्सल स्मॉल फॉरवर्ड, धडका आणि गोल. २०२५ मधे डीमन्सनी, म्हणजे मेलबर्ननेच, त्याला मधे भरपूर वेळ द्यायला सुरुवात केली आणि त्याचे आकडे वर गेले. मजा म्हणजे त्या सीझनचे पहिले ३ सामने तो सस्पेन्शनमुळे बाहेर होता, त्यामुळे सुरुवातीला बहुतेकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ॲडलेडचा आयझॅक रँकिन, २०१८ च्या ड्राफ्टमधला (क्लब नवी पोरं निवडतात तो) तिसरा पिक, गोल्ड कोस्टला असताना गोलजवळचा जादूगार, क्रोजकडे, म्हणजे ॲडलेडकडे, गेल्यावर मधे पण खेळायला लागला. पोर्ट ॲडलेडचा झॅक बटर्स तर सुरुवातीला फॉरवर्ड लाईनीतलं बारकं पोरगंच होतं, आज तो लीगमधल्या पहिल्या फळीतला मिडफिल्डर आहे.

हलवणं मधेच होतं असं नाही, मागे पण होतं. डॅनियल रिओली, रिचमंडच्या २०१७, २०१९, २०२० तिन्ही फ्लॅगमधला प्रेशर फॉरवर्ड. २०२१ मधे त्याला हाफबॅकला नेलं आणि तिथून त्याचं करिअरच बदललं, २०२४ संपल्यावर गोल्ड कोस्टने त्याला हाफबॅक म्हणूनच घेतलं. वर १०२ वाला जो कंटाळवाणा हाफबॅक सांगितला, त्या खुर्चीत चपळ माणूस नेऊन बसवला की काय होतं याचं हे उदाहरण.

मग हे आधी कळणार कसं? फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीला टीमा सराव सामने खेळतात, ते बघा, निदान त्यांचे सीबीए बघा. कोच मुलाखतीत काय म्हणतो ते अर्धंच ऐका, दर जानेवारीला प्रत्येक कोच सांगतो की अमुक पोरगा यावर्षी मधे जास्त दिसेल आणि पाचव्या राउंडला तो पोरगा परत पॉकेटमधे उभा असतो. मी तीन प्रश्न विचारतो: सराव सामन्यात मेन मिडफिल्डर खेळत होते का, की ते दुखापतीत होते म्हणून याला संधी मिळाली? त्या टीमचा कोणी मिडफिल्डर ऑफ सीझनला सोडून गेलाय किंवा रिटायर झालाय का, म्हणजे जागा खरंच रिकामी आहे का? आणि मधे नेल्यावर टीमला त्याच्या गोलची उणीव भासणार का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. टीम २-३ सामने हरली, गोल होईनात, की कोच पहिलं काम करतो ते म्हणजे या माणसाला परत पुढे पाठवतो.

आणखी एक खाच. प्लेअरला कुठली पोझिशन द्यायची ते मागच्या सीझनला तो कुठे खेळला यावरून ठरतं, मधे काही वेळा ड्युअल पोझिशन वाढवून पण देतात. त्यामुळे हा सोन्याचा काळ एकच वर्ष टिकतो बहुतेक वेळा. पूर्ण वर्ष मधे खेळला की पुढच्या वर्षी फॉरवर्डचा शिक्का उडतो, किंमत वाढलेली असते, आणि मग तो २० मिडफिल्डरांमधला एक. प्रेमात पडू नका.

६. पाच गोल मारले म्हणून धावू नका

किंमत दर आठवड्याला बदलते, गेल्या काही सामन्यांच्या स्कोअरवरून. ब्रेकईव्हन म्हणून एक आकडा दिसतो, तेवढा स्कोअर केला तर किंमत जागेवर, जास्त केला तर वर, कमी तर खाली. आता स्मॉल फॉरवर्डचं काय होतं, एका शनिवारी ५ गोल, ११५ स्कोअर, सोमवारी सगळे त्याला घ्यायला पळतात. तो ११५ पुढचे काही आठवडे हिशोबात राहतो म्हणून किंमत फुगते, मग तो हिशोबातून बाहेर पडतो आणि मधे मारलेले ४१, ३८, ५२ उघडे पडतात, किंमत धाडकन. घेताना महाग, विकताना स्वस्त.

मी एकदा असाच एक घेतला होता, ज्या आठवड्यात घेतला त्याच आठवड्यात त्याने ३१ केले, आणि पुढच्या आठवड्यात हॅमस्ट्रिंग. आठवड्याला ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) मोजकेच असतात, साधारण २, त्यातला एक घालवून हे मिळालं.

म्हणून एखाद्याचा मोठा स्कोअर दिसला की आतलं बघा. गोल काढून टाका आणि उरलेला स्कोअर किती ते मोजा. ११५ मधून ५ गोलांचे ३० काढले तर ८५ उरतात, म्हणजे बॉल भरपूर लागलाय, हा खरा. ९० मधून ४ गोलांचे २४ काढून ६६ उरले तर पुढच्या आठवड्याला ६६ च्या आसपास किंवा खालीच धरा, कारण त्या गोलांच्या किक पण त्या ६६ मधे आहेतच. सोबत टाइम ऑन ग्राउंड बघा. ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक, ६५ असेल तर कोच त्याला सारखा बेंचवर बसवतोय.

७. स्वस्तातली पोरं

३० जणांच्या स्क्वाडमधे २२ मैदानात, ८ बेंचवर, आणि सॅलरी कॅप असल्यामुळे काही कच्ची स्वस्त पोरं घ्यावीच लागतात, त्यांची किंमत वाढली की विकून मोठा मासा आणायचा. याला इकडे कॅश काऊ म्हणतात, दुभती गाय. आता ड्राफ्टमधून आलेली बरीच पोरं पहिल्या वर्षी स्मॉल फॉरवर्ड म्हणूनच खेळतात कारण अठराव्या वर्षी अंगात मांस नसतं, मधे टाकली तर चुराडा होईल, पॉकेटमधे चालून जातं.

यात धोका असा की ड्राफ्टमधला नंबर जेवढा वरचा तेवढी किंमत जास्त. हॉथॉर्नचा निक वॉटसन २०२३ च्या ड्राफ्टमधे पाचवा गेला, उंची १७० सेंटिमीटर, बघायला पोरगं म्हणजे फटाका. पण असा वरचा पिक फँटसीत महागात मिळतो आणि ४५-५० करणारा असेल तर त्याची किंमत फारशी हलतच नाही. त्याच्यापेक्षा शेवटून निवडलेला, अगदी तळाच्या किंमतीचा पोरगा ४५ करत असेल तर तो दूध देतो. पोरगं तेवढंच भारी, स्कोअर तेवढाच, पण विकत घेतलेला भाव वेगळा.

आणि सलग खेळेल का ते बघा. स्मॉल फॉरवर्ड ही टीममधली सगळ्यात आधी बदलली जाणारी जागा, दोन सामने गोल नाही झाले की पुढचा आठवडा राज्याच्या लीगमधे. ज्या सीझनला सबचा (राखीव बदली खेळाडूचा) नियम असतो तेव्हा तर सबची बंडी यांच्याच अंगावर जास्त दिसते, आणि शेवटच्या क्वार्टरला आत येऊन १४ पॉइंट करणारा माणूस तुमच्या किंमतीची वाट लावतो.

८. वर-खाली होणाऱ्या माणसाचा फायदा पण असतो

हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. सामने गुरुवार-शुक्रवारपासून रविवारपर्यंत पसरलेले असतात आणि लॉकआउट रोलिंग असतो, म्हणजे ज्याचा सामना सुरू झाला तोच लॉक, बाकीचे हलवता येतात. आता तुमचा स्मॉल फॉरवर्ड शुक्रवारी खेळतोय, त्याला बेंचवर ठेवा आणि इमर्जन्सी लावा. शुक्रवारी त्याने ९५ मारले? मग त्या लाईनीत मैदानावर असा कोणी ठेवा जो या आठवड्याला खेळतच नाहीये, आणि त्याच्या जागी इमर्जन्सीचे ९५ तुम्हाला मिळतात. त्याने ३२ मारले? मग काही करू नका, तुमचा नेहमीचा फॉरवर्ड रविवारी खेळेलच. यासाठी न खेळणारा एक माणूस टीममधे लागतो, तो सहसा असतोच.

बघा, इथे ज्याचा स्कोअर दर आठवड्याला ६५ येतो तो कामाचा नाही. कधी ३० कधी १०० करणारा कामाचा, कारण वाईट दिवस तुम्ही मोजतच नाही. तसंच बाय राउंडला, जेव्हा काही टीमा सुट्टीवर असतात, तेव्हा २२ पैकी बेस्ट १८ धरतात, तिथेही याचा ३० आपोआप गळून पडतो.

कॅप्टन मात्र करू नका. कॅप्टनचे दुप्पट होतात, ३४ दुप्पट ६८, आणि सोमवारी तो डेस्कवरचा बाबा आहेच.

९. सुपरकोच आणि ड्राफ्ट लीग

सुपरकोच, म्हणजे एएफएलचाच दुसरा फँटसी खेळ, खेळत असाल तर वरचं निम्मं गणित बदलतं. तिथे चॅम्पियन डेटा या आकडेवारीच्या कंपनीचं स्कोअरिंग, एका सामन्यात साधारण ३३०० पॉइंट सगळ्यांत वाटले जातात, आणि बॉल भांडून मिळवला तर जास्त, सरळ हातात आला तर कमी, किक वाया घालवली तर कपात. सामना अटीतटीचा असेल तर शेवटी केलेल्या गोष्टींचं वजन वाढतं. म्हणजे आपल्या क्रम्ब उचलणाऱ्याला इथे जरा न्याय मिळतो, शेवटच्या मिनिटाला मारलेला विनिंग गोल खरंच मोठा असतो. तरी टॉपच्या मिडफिल्डरला गाठत नाही तो.

ड्राफ्ट लीगमधे, म्हणजे जिथे एक प्लेअर एकाच माणसाकडे, तिथे मात्र तुम्हाला स्मॉल फॉरवर्ड घ्यावेच लागतात कारण चांगले फॉरवर्ड लवकर संपतात. पहिल्या काही फेऱ्यांत नाही, शेवटी शेवटी, आणि तेव्हा पॉकेटवाला सोडून प्रेशरवाला किंवा हाय हाफ फॉरवर्ड उचला.

१०. पुण्यातून किंवा नागपुरातून खेळणाऱ्यांसाठी

माझा भाचा पुण्यातून आमच्या लीगमधे खेळतो आणि पहिल्या महिन्यात तीनदा लॉकआउट चुकला, म्हणून हे. मार्चमधे मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इकडे घड्याळं मागे जातात आणि फरक साडेचार तासांवर येतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ७:४० चा सामना तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी ३:१० ला सुरू होतो, ऑफिसच्या मीटिंगमधे. पर्थचे सामने मात्र तिथल्या वेळेने असतात आणि पर्थ फक्त अडीच तास पुढे, तिथे घड्याळं हलतच नाहीत. मोठ्या टीम लिस्ट गुरुवारी संध्याकाळी येतात, रविवारवाल्यांच्या अंतिम लिस्ट नंतर, आणि शेवटच्या क्षणी बदल झाला तर तो सामन्याच्या जेमतेम तासभर आधी कळतो. त्या यादीत तुमचा स्मॉल फॉरवर्ड आहे का ते बघायचा अलार्म लावून ठेवा, भाच्याने आता दोन लावलेत, एक स्वतःच्या फोनवर आणि एक आईच्या.